माशांच्या अंगावरील पांढरे ठिपके

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या वाचनालयाबाहेरील काचपेटीतले अठरांपैकी पंधरा मासे दहा दिवसांच्या आत मरण पावले, हे बहुतेक विद्यार्थ्यांना आणि काही पालकांनाही ठाऊक आहे. त्यांच्या मृत्यूची कारणे तऱ्हेतऱ्हेची सांगितली गेली. कोणी म्हणाले, पावसाचा गारठा त्यांना बाधला. कोणी म्हणाले, पाणी फार दिवसांत बदलले नव्हते. आणि आठवीतल्या काही खट्याळ मुलांनी तर, त्या पेटीत चार नवे मासे आणणाऱ्या आपल्या सोबत्याला 'मासेमार' ही पदवी बहाल करून टाकली. वर्ष संपत आले तरी ही पदवी त्याच्यामागून पुरती सुटलेली नाही. तेव्हा त्या दिवसांत प्रत्यक्षात काय घडले, ते घडत असता आम्हांला का कळले नाही, आणि कळले असते तर काय करता आले असते, याची हकीकत लिहून काढावी असे मी ठरवले.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. मी मराठी आणि इतिहास हे विषय शिकवते. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. ज्या घरात मी वाढले तिथे मासळीला 'नुस्तें' म्हणतात आणि तिची योग्यता हुमणाच्या चवीवरून ठरते. मी एकदा घरी लहानशी काचपेटी आणून ठेवली, तेव्हा आईने दोन दिवस ती शांतपणे न्याहाळली आणि तिसऱ्या दिवशी विचारले, "केन्ना रांदपाचें हें नुस्तें?" असा वारसा लाभलेल्या शिक्षिकेकडे शाळेने काचपेटीची देखरेख सोपवली होती. पुढे जे लिहिले आहे ते मासे मेल्यानंतर आमच्या विज्ञानशिक्षकांच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले आणि नंतर पुष्कळ वाचून पडताळलेले आहे.

पेटीत आधीचे चौदा मासे होते: गप्पी, मॉली, प्लॅटी आणि दोन एंजल. जुलैतल्या एका सोमवारी तो विद्यार्थी आपल्या खाऊच्या पैशांतून चार टेट्रा मासे घेऊन आला. पिशवीतल्या पाण्यात ते तुकतुकीत दिसत होते; अंगावर एकही डाग नव्हता. "बाई, सोडू का?" असे त्याने विचारले आणि मी "सोड" म्हटले. हा संवाद मी मुद्दाम नोंदवून ठेवीत आहे.

शुक्रवारी एक प्लॅटी तळाच्या खड्यांवर अंग घासताना दिसली. मुलांना तो खेळ वाटला. मलाही तसेच वाटले. सोमवारी एंजलच्या शेपटीवर मिठाच्या बारीक कणाएवढे दोन ठिपके दिसले आणि मंगळवारी जवळजवळ प्रत्येक माशावर पाच-सात. बाजारातून निळसर हिरव्या औषधाची बाटली आणून आम्ही दोन दिवस थेंब मोजून घातले. गुरुवारी ठिपके नाहीसे झाले. वर्गात टाळ्या वाजल्या, मी औषध बंद केले आणि बाटली कपाटात ठेवून दिली. पुढच्या मंगळवारी सकाळी शाळा उघडली तेव्हा प्रत्येक मासा तळण्यासाठी रव्यात घोळून ठेवल्यासारखा दिसत होता. उपमा स्वयंपाकघरातली आहे खरी, पण याहून अचूक उपमा मला सुचत नाही. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत होते. त्या दिवशी चार गेले, आणि मग रोज.

या रोगाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतात. तो ज्या जीवामुळे होतो त्याचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिइस असे आहे. फुके या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1876 साली त्याचे वर्णन करून हे नाव दिले. नाव उच्चारायला कठीण असले तरी अर्थाने सोपे आहे. ग्रीक भाषेत 'इक्थिस' म्हणजे मासा आणि 'फ्थिर' म्हणजे ऊ. 'मल्टिफिलिइस' हे लॅटिन, म्हणजे पुष्कळ लेकरांची. लेकुरवाळी मत्स्य-ऊ, असे त्याचे भाषांतर करता येईल. ती वस्तुतः ऊ नव्हे, कीटकही नव्हे. अंगभर सूक्ष्म केस असलेला तो एकपेशीय जीव आहे. परंतु 'पुष्कळ लेकरांची' हे विशेषण मात्र अक्षरशः खरे आहे, आणि आमची सारी चूक त्या विशेषणाकडे दुर्लक्ष केल्याची होती.

त्याचा जीवनक्रम नीट समजून घ्यावा. माशाच्या अंगावर जो पांढरा ठिपका दिसतो, तो त्वचेवर बसलेला जीव नसून त्वचेच्या आत शिरलेला जीव असतो. माशाच्या पेशी आणि शरीररस खाऊन तो वाढतो. पूर्ण वाढला की त्याचा आकार अर्धा ते एक मिलिमीटर होतो. माशाची स्वतःचीच त्वचा त्याच्यावर पांघरुणासारखी असल्यामुळे पाण्यात घातलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो आपण होऊन त्वचा फोडून बाहेर पडतो, काही तास पोहतो आणि मग तळाची वाळू, वनस्पतीचे पान किंवा काच, जे सापडेल त्याला चिकटून स्वतःभोवती चिकट कोश तयार करतो. या कोशातही औषधाचा शिरकाव सहजी होत नाही. आत एकाचे दोन, दोनांचे चार असे विभाजन चालू राहते आणि शेवटी काही शेकडे, क्वचित हजारापर्यंत पिले कोश फोडून पाण्यात येतात. त्या प्रत्येकाला साधारणपणे दोन दिवसांच्या आत मासा गाठावा लागतो. न गाठल्यास ते मरते.

पुराणातल्या रक्तबीजाची गोष्ट मुलांना ठाऊक आहे. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की तिथून नवा राक्षस उभा राही, म्हणून देवीला थेंब वरच्यावर झेलावे लागले. इथेही तसेच आहे. अंगावर असता हा जीव सुरक्षित, कोशात असता सुरक्षित. कोशातून निघून मासा शोधीत पोहत असतो तेवढाच काळ तो औषधाच्या तावडीत सापडतो.

आता त्या गुरुवारचा अर्थ लागतो. ठिपके आमच्या औषधाने गेले नव्हते. वाढ पूर्ण झालेले जीव आपल्या नियमाप्रमाणे माशांवरून उतरून तळाला गेले होते. ज्या दिवशी मासे स्वच्छ दिसले, त्याच दिवशी वाळूत शेकडो पिले तयार होत होती, आणि नेमके त्याच दिवशी मी औषध बंद केले. समजा, एका कोशातून पाचशेच पिले निघाली आणि त्यांतली दहांत एक माशापर्यंत पोहोचली, तरी एका ठिपक्याचे पुढच्या फेरीत पन्नास ठिपके होतात. वाहत्या नदीत ही पिले दूर पांगतात आणि बरीचशी मासा न गाठताच मरतात. काचपेटीत मासे जाणार कुठे?

ही एक फेरी किती दिवसांत पुरी होते, हे पाण्याच्या उष्णतेवर ठरते. पाणी 25 अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर चार ते सहा दिवस. 15 अंशांवर दोन आठवडे किंवा अधिक. त्याहून थंड पाण्यात महिनाही लागतो. आमच्या गोव्यात पावसाळ्यातही पाणी बहुधा 25 अंशांखाली उतरत नाही, म्हणून आमच्याकडे रोग झपाट्याने वाढतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिवाळ्यात तोच रोग संथ चालतो आणि म्हणून उपायही अधिक दिवस चालू ठेवावा लागतो. गारठ्याने रोग 'होतो' ही समजूत मात्र खरी नव्हे. पाणी एकाएकी गार झाले की माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि आधीच आत असलेल्या रोगाला रान मोकळे मिळते, इतकेच. जीव बाहेरूनच यावा लागतो: नव्या माशाबरोबर, नव्या वनस्पतीबरोबर, दुकानातल्या पाण्याबरोबर किंवा ओल्या जाळीबरोबर. माशाच्या कल्ल्यांत दोन-चार जीव असले आणि अंगावर ठिपका नसला, तर कितीही चौकस गिऱ्हाइकाला ते दिसणे शक्य नाही. आठवीतल्या मुलाला तर नाहीच.

उपाय सांगण्यापूर्वी निदानाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण चुकीच्या निदानाने औषध घालून मारलेले मासे रोगाने मेलेल्या माशांपेक्षा कमी नसावेत, असा माझा कयास आहे. मासे आजारी दिसले की प्रथम पाण्याचा संशय घ्यावा. सारे मासे एकाच दिवशी, एकाच वेळी धापा टाकू लागले तर दोष बहुधा पाण्याचा असतो: नळाच्या पाण्यातला क्लोरिन, घाणीमुळे साठलेला अमोनिया, किंवा प्राणवायूची कमतरता. परोपजीवी जीवांचा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याला काही दिवस लागतात आणि तो येण्यापूर्वी सूचना देतो. खड्यांवर अंग घासणे, पर मिटून घेणे, अन्नाला तोंड न लावणे, कल्ले भरभर हलवणे या त्या सूचना होत. आमच्या प्लॅटीने आम्हांला ठिपक्यांच्या तीन दिवस आधी सांगितले होते.

ठिपके दिसले तरी घाई करू नये. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला विणीच्या दिवसांत पांढऱ्या पुळ्या ओळीने येतात. तो रोग नसून वयात आल्याची खूण आहे. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशा निरोगी नराला आठवडाभर औषधी पाण्यात ठेवले होते. शंका असेल तर सूक्ष्मदर्शकाचा आधार घ्यावा. मासा ओल्या हाताने धरून, पातळ काचेच्या कडेने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर डोक्याकडून शेपटीकडे अगदी हलकेच खरवडून घ्यावा, त्यावर पेटीतल्याच पाण्याचा थेंब टाकावा आणि शंभर पट मोठे करून पाहावे. पांढऱ्या ठिपक्यांचा जीव असेल तर एक काळपट गोळा संथपणे गरगरताना दिसतो आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालेसारखे केंद्रक असते. ती नाल एकदा पाहिली की विसरता येत नाही. हे काम मोठ्यांच्या देखरेखीनेच आणि मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाहून अधिक न ठेवता करावे.

आता उपाय. सर्वांत स्वस्त आणि घरगुती म्हणजे मीठ. आमच्याकडे मिठागरातले जाडे मीठ घरोघरी असते, ते चालते. दर लिटर पाण्यात 2 ते 3 ग्रॅम या प्रमाणात मीठ असले तर कोशातून निघालेली पिले तगत नाहीत. मात्र चमच्याने अंदाज करू नये. तागडी घ्यावी आणि पेटीतले पाणी मोजावे. 60 सेंटिमीटर लांब व 30 रुंद अशा पेटीत 25 सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी असेल तर ते 45 लिटर भरते. त्याला लिटरमागे 2 ग्रॅम धरले तर 90 ग्रॅम मीठ लागेल. ते एकदम न ओतता पाण्यात विरघळवून, तीन भागांत, दीड-दोन दिवसांत घालावे. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. म्हणून जितके पाणी काढले तितक्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे. मॉलीला खारे पाणी मानवते. आमचे जे तीन मासे वाचले त्यांत दोन मॉली होत्या आणि त्यांनी हे मीठ आनंदाने सोसले. कॅटफिश, लोच असे खवले नसलेले किंवा अगदी बारीक खवल्यांचे मासे आणि बहुतेक पाणवनस्पती यांना मात्र ते सोसत नाही.

दुसरे साधन उष्णता. पाणी दिवसाला एक-दोन अंश याप्रमाणे चढवीत 30 अंशांपर्यंत नेले तर जीवाची फेरी लवकर पुरी होते आणि त्याची वाढही खुंटते. परंतु तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांवर लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांवर सुमारे साडेसात. ज्यांचे कल्लेच रोगाने खाल्ले आहेत त्या माशांना हा फरक जड जातो. तेव्हा हवेचा पंप अहोरात्र चालू हवा. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. त्याच्या बाबतीत उष्णतेच्या वाटेस जाऊ नये.

तिसरी गोष्ट नुसत्या मेहनतीची आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. रोज रबरी नळीने तळाची वाळू उपसून एक-तृतीयांश पाणी काढावे आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेले, तितक्याच उष्णतेचे पाणी घालावे. वाळूत चिकटलेले कोश आणि पाण्यातली पिले यांतला मोठा वाटा रोज अशा रीतीने बाहेर जातो.

बाजारातल्या निळसर हिरव्या औषधात बहुधा मॅलाकाइट ग्रीन हा रंग असतो. तो या जीवावर गुणकारी आहे, पण विषारीही आहे. खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर करू नये. मुलांनी त्याला उघड्या हाताने स्पर्शही करू नये. ते वापरायचे झाल्यास बाटलीवरील प्रमाण काटेकोरपणे पाळावे आणि गाळणीतला कोळसा काढून ठेवावा, नाही तर कोळसा औषध शोषून घेतो. पुष्कळ दुकानांत कोणत्याही आजारावर प्रतिजैविकांच्या गोळ्या देतात. ती औषधे जिवाणूंवर चालतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या जीवावर त्यांचा काही परिणाम होत नाही.

उपाय कोणताही करा, तो शेवटचा ठिपका गेल्यानंतर निदान दोन फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत चालवावा. आपल्या हवेत याचा अर्थ आणखी दहा ते चौदा दिवस. हे एक वाक्य मला जुलैत ठाऊक असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

पांढऱ्या ठिपक्यांखेरीज इतरही आगंतुक आहेत, त्यांची ओळख थोडक्यात करून देते. अंगावर ठिपक्यांऐवजी सोनेरी भुकटी भुरभुरल्यासारखी दिसली, विशेषतः अंधारात विजेरीचा झोत तिरपा टाकल्यावर, तर तो मखमली रोग होय. त्याचा जीव हरितद्रव्य बाळगतो आणि प्रकाशावर काही अंशी जगतो. म्हणून औषधाबरोबर पेटी कापडाने झाकून ठेवल्याचा उपयोग होतो. माशाच्या अंगातून एखादा दोरा लोंबताना दिसला आणि त्याच्या मुळाशी लाल जखम असली तर तो नांगरकृमी. नावात कृमी असले तरी ती कोळंबी-खेकड्यांची दूरची नातलग आहे. तिची मादी मांसात नांगर टाकून बसते. तिला चिमट्याने मुळाशी धरून हळूच ओढून काढतात. पाच-दहा मिलिमीटरची, चपटी, जवळजवळ पारदर्शक चकती माशाच्या अंगावर सरकताना दिसली तर ती माशांची खरीखुरी ऊ, आर्ग्युलस. तीही चिमट्याने निघते, पण काचेवर चिकटलेली तिची अंडी खरवडायला विसरू नये.

कल्ल्यांतले आणि त्वचेवरचे चपटे कृमी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतला गायरोडॅक्टिलस अंडी न घालता थेट पिलू देतो आणि त्या पिलाच्या पोटात पुढचे पिलू आधीच वाढत असते. सूक्ष्मदर्शकातून आजी, आई आणि नात एकाच देहात पाहणे हा एक विलक्षण अनुभव आहे. त्याचा भाऊबंद डॅक्टिलोगायरस अंडी घालतो, आणि अंड्यांवर औषध चालत नसल्यामुळे ती फुटल्यावर दुसरी मात्रा द्यावी लागते. दोघांवरही प्राझिक्वांटेल चालते. गप्पीच्या गुदद्वारातून तांबडे केस डोकावल्यासारखे दिसले तर तो आतड्यांतला कॅमालॅनस कृमी. त्याला गुरांच्या जंतांवर देतात ते लेव्हामिसोल लागते. ही दोन्ही औषधे पशुवैद्यांना विचारूनच आणावीत.

या सर्वांचा पेटीत शिरण्याचा रस्ता बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो अडवायला औषध लागत नाही, एक जादा बादली लागते. नवा मासा आणला की तो तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. त्याची जाळी वेगळी, पाणी काढण्याची नळी वेगळी. त्या काळात रोग असेल तर तो त्या भांड्यात उमटतो आणि तिथेच त्याच्यावर इलाज करता येतो. हे मला आधी माहीत असायला हवे होते. तो मुलगा मासे घेऊन आला तेव्हा त्याने विचारले होते. उत्तर देण्याचे काम माझे होते. ठिपके गेल्यावर औषध थांबवण्याचा निर्णयही माझाच. तेव्हा ती पदवी कोणाला द्यायचीच असेल तर योग्य व्यक्तीला द्यावी. तिचे टेबल शिक्षक-कक्षात खिडकीजवळ आहे.

वाचलेल्या तीन माशांना, म्हणजे दोन मॉली आणि एका गप्पीला, या रोगाविरुद्ध आता बरीचशी प्रतिकारशक्ती आली असणार. पण त्यांच्या अंगी एखादा जीव दडून राहणे अशक्य नाही. म्हणून त्यांना दुसऱ्या भांड्यात हलवून आम्ही मोठी पेटी दोन आठवडे माशांवाचून ठेवली. मासा न मिळाल्यामुळे त्या उबदार पाण्यातली पिले उपाशी मरतात. दोन महिने तिघांच्याही अंगावर एकही ठिपका उमटला नाही, तेव्हा त्यांना परत सोडले.

त्याच विद्यार्थ्याने गेल्या आठवड्यात पुन्हा सहा टेट्रा आणले आहेत. ते शिक्षक-कक्षाच्या खिडकीत निळ्या बादलीत आहेत, आणि बादलीवर त्याने स्वतःच्या हाताने तारीख लिहून चिकटवली आहे. त्या तारखेपूर्वी कोणी त्या बादलीत हात घालू नये. घातलाच तर तोच हात न धुता मोठ्या पेटीत घालू नये.